मोहफूल: अन्न, चैन आणि अबकारी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबे ज्या मोहफुलाला अन्न मानत आली, ते सरकारदरबारी मात्र दारूचा कच्चा माल ठरले. मुंबई सरकारने 1878 मध्ये अबकारी कायदा, म्हणजे मादक पदार्थांवरील कराची घडी बसवणारा कायदा केला. दारू गाळण्याचे काम उरणच्या मोठ्या भट्ट्यांकडे एकवटत गेले, आणि खेड्यापाड्यांत गळणारी मोहाची दारू महसुलाच्या मुळावर येते म्हणून 1892 च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत थेट फुलांवरच निर्बंध आणले. 

या फुलाचे आहारातले मोल कळण्यासाठी त्याचा हंगाम पाहावा लागतो. फुले चैत्राच्या सुमारास, म्हणजे घरातले भात आणि नाचणी सरत आलेली असताना पडतात. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून ठेवलेल्या जागेवर पहाटे गळालेली फिकट पिवळी, रसाने टचटचीत फुले बायका-मुले टोपल्यांत वेचतात, आणि उन्हात वाळून ती मनुक्यांसारखी तपकिरी झाली की पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. वाळलेल्या फुलात वजनाच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक शर्करा असते, शिवाय तंतू आणि काही खनिजे. ती भाजून तिळाबरोबर कुटली की होणारा लाडू जिभेला चैन वाटला, तरी अर्धपोटी राबणाऱ्या शरीराला मिळणारी ऊर्जा हाच त्याचा खरा गुण होता.

1949 च्या दारूबंदी कायद्यानेही मोहफुले नियंत्रणाखालीच ठेवली. राज्य सरकारने ते निर्बंध सैल केले ते 2021 मध्ये. त्यानंतर लाडू, सरबत आणि पाक यांच्याबरोबर ‘आरोग्यदायी’ हे विशेषणही सर्रास चिकटू लागले, आणि इथे जरा हात आखडता घ्यायला हवा. फुले आंबवल्यावर किण्व, म्हणजे साखरेवर जगणारी सूक्ष्म बुरशी, साखरेचे मद्यार्क करते, आणि ऊर्ध्वपातनात, म्हणजे वाफ थंड करून द्रव गोळा करताना, खनिजे भांड्यातच राहतात. त्यामुळे फुलाचे गुण दारूला चिकटवणे निराधार आहे. पाकाचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण गाळताना बहुतेक तंतू मागे राहतात आणि उरते ती जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितलेली मोकळी साखर.

कोकोची कथाही याच वळणाने गेली आहे. अमेरिकेत एकवीस हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कोकोतील फ्लॅव्हनॉल, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करण्यास मदत करणारी वनस्पतिजन्य द्रव्ये, गोळीच्या रूपात दिली होती. हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठळक घट दिसली नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी आढळले, आणि चॉकलेटच्या वडीबद्दल त्यातून काहीच सिद्ध झाले नाही. मोहफुलाच्या पाकाची तर माणसांवर एवढी मोठी चाचणीही झालेली नाही.