फेरफार एकदा आणि एकदाच

जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला सातबारा आणि आठ-अ ही जोडी नवी नाही. सातबारा हा गटाचा उतारा, आठ-अ हा खातेदाराचा. जमीन तीच, कागद दोन. संगणकशास्त्रातही एकच माहिती अनेक यंत्रांवर ठेवतात. एक बंद पडले तरी काम अडू नये, हा त्यामागील हेतू. या प्रतींच्या हिशेबात चूक कशी शिरते, हे मला तलाठ्याच्या दप्तरावरूनच नीट उमगले.

समजा, एका खातेदाराची जमीन २०० आर आहे. पैकी ४० आर त्याने विकली. गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सातबाऱ्यावर आता १६० आर उरतात. हस्तलिखित दप्तराच्या काळी आठ-अ मात्र वेगळा लिहावा लागे. तेथे वजाबाकी राहून गेली तर २०० आरच राहणार. दोनदा झाली तर १२०! मग सोसायटीत पीककर्ज मागताना कसती जमीन कागदावर नाहीशी झालेली.

यंत्रांचेही असेच होते. एक यंत्र दुसऱ्यास 'चाळीस वजा कर' असा निरोप धाडते. काम होते, पण पोच वाटेत हरवते. पहिले यंत्र तोच निरोप पुन्हा धाडते आणि दुसरे पुन्हा वजा करते.

यावर नुसती बेरीज खोडून बरोबर आकडा लिहिणे हा उपाय नव्हे. पुढचा दुबार निरोप तो पुन्हा बिघडवील. प्रत्येक फेरफाराला क्रमांक हवा. शेवटी कोणता क्रमांक लावला, हे बेरजेबरोबर एकाच वेळी लिहिले पाहिजे. तो किंवा त्याआधीचा क्रमांक पुन्हा आला तर सोडून द्यावा. बिघडलेली बेरीज मूळ नोंदींवरून नव्याने मांडावी. शिवाय गावची एकूण बेरीज जुळली म्हणून निश्चिंत राहू नये. विकणाऱ्याचे दोनदा वजा आणि घेणाऱ्याचे दोनदा जमा झाले, तर एकूण बरोबरच येते, खाती मात्र दोन्ही चुकलेली! म्हणून ताळा खातेनिहाय घ्यावा.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनप्रमाद दुरुस्त करण्याची सोय आहे. परंतु चूक कोणत्या फेरफारापाशी झाली, हे दाखविता आले पाहिजे. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले, ते डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तेथील बांध आता कोण मोजणार? जमिनीची साक्ष कागदावरच उरते. ती खरी राहावी, एवढ्यासाठी हा हिशेब.