परक्या हद्दींतील पाळत

लक्सेंबुर्ग देशांत मोझेल नदीच्या कांठीं शेंगेन नांवाचें लहानसें गांव आहे. त्याच्या आसपास फ्रान्स, जर्मनी व लक्सेंबुर्ग या तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. १९८५ च्या जून महिन्यांत तेथें नदींतील एका बोटीवर पांच देशांच्या प्रतिनिधींनीं करारावर सह्या केल्या आणि आपापसांतील सरहद्दीवरची तपासणी हळूहळू उठविण्याचें ठरविलें. १९९० सालीं त्याचा सविस्तर करारनामा झाला व १९९५ च्या मार्चमध्यें तो अंमलांत आला. नकाशा काढतांना सीमेची रेषा ठळक काढा, असें मी मुलांना जन्मभर बजावीत आलों. ती रेषा प्रवाशापुरती तरी तेथें पुसट झाली.

पण वाट सज्जनाला मोकळी झाली म्हणजे ती चोरालाहि मोकळी होते. पॅरिसमध्यें ज्याच्यावर पाळत आहे असा इसम मोटारींतून ब्रसेल्सच्या रस्त्याला लागला, तर पोलिसांनीं सीमेवर हात चोळीत उभें राहावें काय? आपल्याकडे महाराष्ट्राच्या पोलिसाला आरोपीचा पाठलाग करीत कर्नाटकांत जातां येतें, कारण देश एकच. तेथें मात्र दोन स्वतंत्र राष्ट्रें. परक्या सरकारचा अंमलदार आपल्या रस्त्यांत हिंडावा, हें कोणास सहज रुचणार?

करारनाम्याच्या ४० व्या कलमानें यांतून वाट काढली आहे. नेहमींचा मार्ग असा कीं, आधीं विनंती करावी, परवानगी मिळवावी आणि मगच सीमा ओलांडावी. गुन्हाहि असा हवा कीं, ज्याकरितां एका देशानें आरोपीस दुसऱ्याच्या स्वाधीन करावें. पण तितका अवधिच नसला तर? खून, दरोडा, मनुष्यहरण, खोटें चलन, शस्त्रांचा किंवा अमली पदार्थांचा चोरटा व्यापार अशा ठराविक भारी गुन्ह्यांत परवानगीवांचून पुढें जातां येतें. मात्र सीमा ओलांडल्याची वर्दी तात्काळ द्यावी लागते व रीतसर विनंती मागून विनाविलंब पाठवावी लागते. पांच तासांत परवानगी आली नाहीं, किंवा त्यापूर्वींच ‘थांबा’ असा निरोप आला, तर पाळत जेथल्या तेथें सोडावी लागते. इसम डोळ्यांसमोर असला तरीहि.

हें कित्येकांना हास्यास्पद वाटेल. मला तसें वाटत नाहीं. पाळतींतला माणूस हा संशयित, शाबीत गुन्हेगार नव्हे. आणि तो ज्या भूमीवर उभा आहे तेथल्या कायद्याचें छत्र त्याच्यावर असतें. म्हणूनच पाहुण्या अंमलदाराचे हात बांधलेले आहेत. तेथील कायदा व तेथील अधिकाऱ्यांचें सांगणें त्यानें मानलें पाहिजे. कोणाच्या घरांत किंवा लोकांस खुल्या नसलेल्या जागेंत त्याला शिरतां येत नाहीं. इसमास अडवून प्रश्न विचारणें नाहीं, अटक तर नाहींच. यजमान देशानें मनाई केली नसेल तर शस्त्र जवळ बाळगतां येतें, पण आत्मसंरक्षणाखेरीज तें चालवावयाचें नाहीं. आपण कोण हें केव्हांहि सिद्ध करतां आलें पाहिजे, आणि काम संपल्यावर सर्व हकीकत तेथील अधिकाऱ्यांस कळवावी लागते.

उघड पाठलागाचें कलम निराळें, ४१ वें. तें गुन्हा करतांना सांपडलेल्या किंवा कैदेंतून पळालेल्या माणसापुरतें आहे, तेंहि केवळ जमिनीवरील सीमेवर. आणि तेथें पोलीस म्हणून सहज ओळखूं यावें असा गणवेश, दंडावरची पट्टी किंवा गाडीवरची खूण लागते. पाळत म्हणजे मूकपणें पाहत राहणें. तिला असली खूण कशी चालावी?

आणि या धांवपळींत एखाद्या निरपराध दुकानदाराची कांच फुटली, तर त्यानें परक्या देशाच्या कचेऱ्या धुंडाळीत बसावें असें नाहीं. ४३ व्या कलमान्वयें ज्या देशांत नुकसान झालें तोच देश, स्वतःच्या पोलिसांनीं केलें असतें त्याप्रमाणें, भरपाई देतो आणि ती सारी रक्कम मागाहून पाहुण्या पोलिसांच्या सरकारकडून वसूल करून घेतो.