आजीचा आक्षेप

जुलै उजाडला की खलिफा सिटी ओस पडू लागते. शाळांना सुट्या लागतात, निम्म्या व्हिलांच्या फाटकांना कुलपे दिसतात, आणि साडेबारा ते तीन या वेळेत उघड्यावर काम करण्यास कायद्यानेच मनाई असल्यामुळे भर दुपारी बांधकामांवरही सामसूम असते. यंदा आम्ही मात्र थांबलो. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकणाऱ्या आमच्या मुलीने सुटीतले चार आठवडे इथल्याच एका केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून घालवायचे ठरवले. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक दिव्यांगत्व असलेली मुले आणि तरुण तिथे दिवसभर येतात.

बातमी अमरावतीला पोहोचली आणि व्हिडिओ कॉलवर माझ्या आईचा प्रश्न आला, ‘‘हेच कराले तुले शिकवलं का वं?’’

मुलगी हसली. मला हसू आले नाही. आईने एका रुग्णालयात आया म्हणून अठ्ठावीस वर्षे काढली. बेडपॅन धुणे, चादरी बदलणे, उठता न येणाऱ्या रुग्णांना कुशीवर वळवणे हे तिचे काम. आणि पिण्याच्या माठापाशी तिच्यासाठी पेला मात्र वेगळा. त्या पगारावर आम्ही तिघे शिकलो. नात पुन्हा कुणाचे तोंड पुसणार, कुणाला शौचालयात नेणार, आणि तेही बिनपगारी, हे तिला कसे रुचावे? १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडा असे बजावले, पुढच्याच वर्षी महार वतनाच्या वेठीविरुद्ध मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. अंगावर लादलेली कामे टाकून देण्याचा हा वारसा आहे. आईचा आक्षेप त्यातूनच येतो, म्हणून त्याला मागासलेपणा म्हणून झटकता येत नाही.

तरीही, श्रमांची वाटणी आणि श्रमिकांची जन्मावरून लावलेली उतरंड यांत बाबासाहेबांनीच भेद केला होता. काम घाणेरडे नव्हते; ते कुणी करायचे हे जन्माने ठरत होते, आणि त्यातले कौशल्य कुणी मोजत नव्हते, हा अन्याय होता.

ते कौशल्य किती असते, हे मुलीच्या रोजच्या सांगण्यातून मला उमगत गेले. पहिल्या आठवड्यात तिला फक्त पाहायला सांगितले होते. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजायचे. उत्तर येते, उशिरा येते. तेवीस वर्षांच्या तरुणाशी ‘सोनुल्या’ म्हणून बोलायचे नाही. दिवसाचा क्रम भिंतीवर चित्रांनी लावलेला असतो. पोहण्याचे चित्र काढून त्या जागी दुसरे लावायचे असेल तर आधी दाखवायचे, नाहीतर ज्याला आपण हट्ट म्हणतो तो सुरू होतो, आणि चूक आपली असते. स्पर्श करण्यापूर्वी सांगायचे. शौचालयातली मदत प्रशिक्षित कर्मचारीच करतात. नवख्या विद्यार्थ्याने एकट्याने कुणाला आत न्यायचे नाही. हा नियम दोघांच्याही रक्षणासाठी असतो. जिथे तो नाही, तिथे आपली मुले पाठवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे.

शर्टाच्या बटणांची गोष्ट मला विशेष आवडली. एका मुलाला बटणे लावायला शिकवताना मदतनीस सगळी बटणे लावते आणि शेवटच्या बटणाची शेवटची ओढ तेवढी त्याच्यासाठी ठेवते. ती जमली की त्याआधीची पायरी. शिकणे असे उलट्या टोकाकडून सुरू होते, त्यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ही मदतनीस केरळची आहे. मुलीला या चार आठवड्यांत जे आले त्यातले बरेचसे तिच्याकडून आले.

अमिरातीत २०१७ पासून दिव्यांगांना ‘अस्हाब-अल-हिमम’, म्हणजे निर्धाराचे धनी, म्हटले जाते. मार्च २०१९ मध्ये स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धा अबू धाबीत झाल्या, तेव्हा सात हजारांहून अधिक खेळाडू इथे आले होते. नावे सुधारली हे चांगलेच. आपल्याकडेही १९९५ च्या कायद्यातल्या तीन टक्के नोकरी-आरक्षणात बौद्धिक दिव्यांगांना जागाच नव्हती; २०१६ च्या कायद्याने ते चार टक्के केले आणि त्यात स्वमग्नता व बौद्धिक दिव्यांगत्व प्रथमच आले. आरक्षणाचे मोल आपल्याला सांगावे लागत नाही. पण आपल्याच विहारांत, जयंतीच्या कार्यक्रमांत अशी मुले किती दिसतात? आई-बाप त्यांना घरी ठेवून येतात, किंवा मागच्या रांगेत बसून मध्येच उठून जातात.

विनयपिटकातील महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. अतिसाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करत नाहीत, असे भगवंतांनी विचारले; तो आमच्या काही उपयोगाचा नाही, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ होता. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून मंचावर ठेवले. तिथे कुणाचा जन्म विचारला गेला नाही, आणि उपयोगही नाही.

ज्यांना सुटीत मायदेशी जायचे आहे त्यांच्यासाठी एक व्यावहारिक गोष्ट. आखाती शाळांची सुटी जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि महाराष्ट्रातील शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या असतात. म्हणजे आपली मुले जातात तेव्हा तिथल्या विशेष शाळा भरात असतात. मुंबईत शिवडीची जय वकील संस्था १९४४ पासून हे काम करते. आधी पत्र लिहावे, किमान तीन-चार आठवडे द्यावेत. दोन दिवसांच्या भेटीत छायाचित्रे निघतात, ओळख होत नाही.

आईला अजून पूर्ण पटलेले नाही. ‘‘पगार घ्याव कामाचा,’’ हे तिचे पालुपद कायम आहे, आणि त्यात तथ्य आहे. परवा मात्र मुलीने खुर्चीतून एकाला उठवताना कंबर भरल्याचे सांगितले, तेव्हा आईने फोन उशीला टेकवून ठेवला आणि माझ्या बहिणीला पलंगावर बसवून दाखवले: आधी त्याले सांग, मग पाय फाकव, गुडघ्यातून वाक, त्याचा भार आपल्या छातीजवळ घे. मुलगी वहीत लिहून घेत होती.