रेडिओची खरखर आणि विजेची चाहूल

रेडिओवर गाणें रंगांत आलेलें असावें आणि मध्येंच कर्कश खरखर होऊन त्याचा विरस व्हावा, हा अनुभव मध्यम लहरींवरील केंद्रें ऐकणाऱ्या घरांना चांगलाच परिचयाचा आहे. अशा वेळीं दोष बहुधा यंत्रास दिला जातो. परंतु वळिवाच्या किंवा परतीच्या पावसाच्या दिवसांतील ही खरखर पुष्कळदां यंत्राचा दोष नसून आकाशाचा निरोप असतो. कोठेंतरी वीज चमकली आहे, एवढेंच तो सांगतो; पण ज्यांचे आप्त त्या घटकेस उघड्या रानांत आहेत, त्यांस एवढें कळणेंहि थोडें नाहीं.

जालना शहरांतील अनेक कुटुंबांची स्थिति अशीच असते. अर्धें घर शहरांत दुकान, कचेरी किंवा शाळा सांभाळतें, तर अर्धें अंबड-घनसावंगीकडील मोसंबीच्या बागेंत किंवा भोकरदन-जाफ्राबादकडील कपाशींत असतें. मे-जून महिन्यांत पेरणीपूर्व मशागत आणि ऑक्टोबरांत सोयाबीनची काढणी हीं कामें ऐन भरांत असतां, नेमके त्याच दिवसांत दुपार उलटल्यावर ढग दाटून येतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांत वीज पडून २,८८७ माणसें मृत्युमुखीं पडलीं. नैसर्गिक आपत्तींपैकीं इतके बळी त्या वर्षीं दुसऱ्या कोणत्याहि एका आपत्तीनें घेतले नाहींत.

आतां रेडिओस ही चाहूल कशी लागते तें पाहूं. वीज म्हणजे क्षणार्धांत वाहून जाणारा प्रचंड विद्युत्प्रवाह होय. त्याच्या धक्क्यानें लहानमोठ्या सर्व तऱ्हेच्या विद्युल्लहरी चोहोंकडे पसरतात. मध्यम लहरींच्या प्रक्षेपणांत आवाज वाहून नेला जातो तो लहरीच्या जोराच्या चढउतारावर. विजेचा धक्का त्या चढउतारांत मिसळतो आणि कर्ण्यांतून खरखर होऊन बाहेर पडतो. एफ. एम. पद्धतींत आवाज लहरीच्या जोरावर नव्हे, तर तिच्या कंपनसंख्येच्या बदलावर नेला जातो आणि जोराचे चढउतार यंत्रच छाटून टाकतें. म्हणून एफ. एम.वरील गाणें स्वच्छ ऐकूं येतें. परंतु विजेचा निरोपहि त्या स्वच्छतेबरोबरच नाहींसा होतो.

या गुणाचा उपयोग बिनतारी विद्येच्या जन्मापासूनच झालेला आहे. ७ मे १८९५ रोजीं रशियांतील पोपोव्ह या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें एक यंत्र विद्वानांस दाखविलें. कांचेच्या नळींत धातूचा कीस भरलेला आणि तिला जोडलेली साधी विजेची घंटा, असा त्याचा थाट होता. दूरच्या विजेची लहर येतांच किसांतून प्रवाह वाहूं लागे व घंटा वाजे. घंटेचाच टोला परत येतांना नळीस लागून कीस मोकळा करी आणि यंत्र पुढच्या विजेसाठीं सज्ज होई. दारावरची घंटा अशा रीतीनें वादळाची पहारेकरी झाली.

तेंच काम आज घरांतील जुना ट्रान्झिस्टर करूं शकतो. बॅटरीवर चालणारा संच मध्यम लहरींच्या खालच्या टोकाकडे, ५४० किलोहर्ट्झच्या आसपास, जेथें कोणतेंहि केंद्र लागत नाहीं तेथें आणून ठेवावा. संथ, अखंड गुणगुण ऐकूं आल्यास ती घरांतल्या एल. ई. डी. दिव्याची किंवा चार्जरची असण्याचा संभव असतो. तीं उपकरणें बंद करून पाहावें. तुटक, अवचित येणारे कडकडाट हे विजेचे होत. मात्र या साधनास मर्यादा आहे. शेंकडों किलोमीटर दूरची वीजहि, विशेषतः रात्रीं, त्यावर उमटते. ती कोठें आहे हें तें सांगत नाहीं. खरखर क्षणोक्षणीं दाट व मोठी होत चालली, तर ढग जवळ येत असल्याचें समजावें. बाहेरची लांब एरियल जोडलेली असल्यास ती वादळापूर्वींच काढून ठेवणें इष्ट.

नेमकें ठिकाण कळण्यास एक यंत्र पुरत नाहीं, अनेक लागतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें देशभर अशा ग्राहकयंत्रांचें जाळें उभारलें आहे. एकच लहर निरनिराळ्या ठिकाणीं किंचित् मागेंपुढें पोहोंचते. त्या सूक्ष्म अंतरावरून वीज कोठें झाली याचें गणित होतें. याच संस्थेचें ‘दामिनी’ हें ॲप मोबाइल फोनवर आपल्या जागेभोंवतीं वीस व चाळीस किलोमीटरच्या वर्तुळांत होणाऱ्या विजा दाखवितें. शहरांत बसलेल्या माणसानें तें पाहून शेतावरच्या भावास वेळीच फोन केला, तर दोन्ही फोनांचें सार्थक झालें. मोबाइल वीज ओढून घेतो ही समजूत निराधार आहे.

यंत्र जवळ नसेल, तर डोळे आणि कान आहेतच. ध्वनि तीन सेकंदांत सुमारें एक किलोमीटर जातो. चमक दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे. काम तेथेंच टाकून पक्क्या घरांत किंवा बंद मोटारींत जावें आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखालीं, पत्र्याच्या उघड्या शेडमध्यें, विहिरीच्या मोटारीजवळ थांबूं नये. वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत वीज उरत नाहीं. त्यास निःशंक हात लावावा, श्वास बंद असल्यास छाती दाबण्याचा उपचार तत्काळ सुरू करावा आणि १०८ क्रमांकास फोन करावा.

खरखरीनें किंवा दामिनीनें मिळतो तो फार तर अर्ध्यापाऊण तासाचा अवधि. ओली होणारी सोयाबीनची सुडी झांकावयास पुन्हां रानांत धांवण्यांत तो खर्ची पडूं नये, एवढें शेतावरच्या माणसास फोनवरून निक्षून सांगणें हें शहरांतल्या घराचें काम आहे.