विचारायचं कुणाला?

पाचगणीतल्या पावसाळ्यात रात्री धुकं इतकं दाट उतरतं, की समोरच्या घराचा दिवाही दिसत नाही. अशाच एका रात्री सव्वादोन वाजता माझा फोन वाजला. पलीकडे माझी भाची होती, बहिणीची मुलगी. ती मला ‘खाला’ म्हणते. खाला म्हणजे मावशी. एमबीबीएस झाल्यावर एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात ती एमडीच्या पहिल्या वर्षाला नुकतीच लागली होती.

“खाला, मला एकशे दोन ताप आहे आणि ड्युटीचा हा तिसावा तास आहे.”

मी घाईघाईनं म्हटलं, “मग क्रोसिन घे ना!” डॉक्टरला क्रोसिन सुचवणारी मी, मराठी घेऊन बीए झालेली, कविता लिहिणारी बाई. ती त्या तापातही हसली. मग म्हणाली, “गोळीचं नाही गं. सुट्टी मागितली तर चालेल का? मागितल्यावर पुढे काय होतं? हे विचारायचं कुणाला, तेच कळत नाहीये.”

त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. पण तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून मी वाचत गेले, डॉक्टर मैत्रिणींना विचारत गेले. त्यातून जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आधी थोडं या शिक्षणाविषयी. एमडी किंवा एमएसची तीन वर्षं करणाऱ्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. निवासी डॉक्टर विद्यार्थीही असतो आणि कामगारही. त्याला विद्यावेतन मिळतं आणि वॉर्ड त्याच्याच खांद्यावर चालतो. जे वरिष्ठ त्याला शिकवतात, तेच त्याची ड्युटी लावतात, लॉगबुकावर सही करतात आणि त्याच्या प्रबंधाचे गाईडही असतात. शिकवणारा, कामाला लावणारा आणि पास करणारा असे तीन अधिकार एकाच विभागात गोळा झालेले असतात. माणसं चांगली असली, तर यातून उत्तम डॉक्टर घडतात. नसली, तर तक्रार करणाऱ्याला तोंड उघडण्याआधी तीन वर्षांचा हिशेब करावा लागतो. मुलगी असली, की या हिशेबात आणखी रकमा पडतात. रात्री झोपायची खोली आतून बंद होते का, बाळंतपणाची रजा घेतली तर लोक काय म्हणतील, घरून लग्नाचा लकडा किती!

अशा वेळी तीन गोष्टी लागतात. वाट आधी चालून गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात, आपली बाजू वर पोहोचवणारा आवाज, आणि आपल्यासारख्याच मैत्रिणींची संगत. हे काही नवं नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या पहिल्या डॉक्टर बायकांची गोष्ट या दृष्टीनं पुन्हा वाचून पाहा.

आनंदीबाई जोशींची जिद्द आपण शाळेपासून ऐकतो. पण ती जिद्द अमेरिकेला पोहोचली कशी? गोपाळरावांचं एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी मासिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या रोसेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाईंनी ते दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना वाचलं आणि एका अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. १८८३ साली त्या बोटीतून उतरल्या, तेव्हा राहायला या मावशीचं घर होतं. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात रेचेल बॉडली या डीनबाईंनी त्यांना पदराखाली घेतलं. त्याच महाविद्यालयात जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली शिकत होत्या. आपापल्या देशी वेषातल्या या तिघींचं १८८५ सालचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. तीन देशांच्या, तीन धर्मांच्या तिघी मुली एका चौकटीत बसल्या आहेत.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही ठरली. पण क्षयानं पोखरलेली प्रकृती घेऊन त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. मी राहते त्या पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभारलं ते १९१२ साली, म्हणजे त्यानंतर पंचवीस वर्षांनी. त्या रस्त्यानं फिरायला जाताना मला आनंदीबाई हटकून आठवतात. मराठी बोलणारी पदवीधर डॉक्टर बाई त्यांच्याआधी कुणी नव्हतीच. परत आल्यावर त्यांनी विचारायचं कुणाला?

आता दुसरी गोष्ट ऐका, रखमाबाईंची. लहानपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, म्हणून कोर्टात उभी राहिलेली ही मुंबईची मुलगी. १८८४ ते १८८८ तो खटला गाजला. त्यांना मेडिकलची वाट दाखवणाऱ्यांत एडिथ पीची या इंग्रज डॉक्टरबाई होत्या.

या पीचीबाईंची कहाणी ऐकण्याजोगी आहे. १८६९ साली एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकायला गेलेल्या सात मुलींपैकी त्या एक. रसायनशास्त्रात त्यांनी शिष्यवृत्तीला पात्र ठरणारे गुण मिळवले, पण बाई म्हणून ती शिष्यवृत्ती त्यांना नाकारून एका मुलाला देण्यात आली. पुढे त्या मुलींना पदवीही मिळू दिली नाही. तेव्हा त्यांच्यातल्या सोफिया जेक्स-ब्लेक यांनी पुढाकार घेतला आणि १८७४ साली लंडनमध्ये स्त्रियांसाठी वेगळं वैद्यकीय विद्यालय निघालं. पीची १८८३ च्या डिसेंबरात मुंबईला आल्या. बायकांसाठी बायकांनी चालवायचं कामा रुग्णालय तेव्हा उभं राहत होतं. पेस्तनजी कामांची देणगी, सोराबजी बंगाली आणि जॉर्ज किट्रेज यांची खटपट, अशी त्यामागे मुंबईकरांची मोठी फळी होती. पुरुष डॉक्टरांइतकाच पगार बायकांना मिळाला पाहिजे, हे पीची तेव्हा ठणकावून सांगत होत्या.

रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या. पैशांची सोय करण्यात पीची आणि इतर हितचिंतक पुढे होते. ज्या विद्यालयात त्या शिकल्या, ते तेच, त्या सात जणींच्या झगड्यातून निघालेलं. १८९४ साली डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरत-राजकोटला जवळपास पस्तीस वर्षं त्यांनी बायकांचे दवाखाने सांभाळले. एका बाईची नाकारलेली शिष्यवृत्ती अशी वीस वर्षांनी दुसरीच्या उपयोगी पडली.

इथपर्यंत सगळं एकेका माणसाच्या भलेपणावर चाललं होतं. भली माणसं बदलून जातात, निवृत्त होतात. म्हणून संघटना लागते. १९०७ साली हिंदुस्थानातल्या डॉक्टर बायकांनी आपली संघटना काढली. कामा रुग्णालयाच्या डॉ. ॲनेट बेन्सन त्यात आघाडीवर होत्या. आमच्या रुग्णालयात आम्हाला अधिकार हवा, पगार-रजा-बढतीचे नियम लेखी हवेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. त्यांचा पाठपुरावा झाला आणि १९१४ साली स्त्री डॉक्टरांची वेगळी वैद्यकीय सेवा निघाली. तिच्यात सुरुवातीला युरोपियन बायकांचाच भरणा होता, हेही सांगायला हवं. संघटना झाली म्हणून सगळ्यांना सारखी जागा आपोआप मिळते, असं नाही.

याच बेन्सनबाईंनी एका मुलीवर उपचार करून तिचा जीव वाचवला. तिची धाकटी बहीण ते पाहत होती. आपणही डॉक्टर व्हायचं आणि याच रुग्णालयात यायचं, हे तिनं ठरवून टाकलं. ती म्हणजे जेरुशा झिराड. बेने इस्रायली समाजातली, पुण्यात शिकलेली. ग्रँट मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, लंडनहून १९१९ साली एमडी झाल्या आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत कामा रुग्णालयाच्या प्रमुख राहिल्या. पुढची दहा वर्षं बेन्सनबाईंनी रुजवलेल्या त्या संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. हिंदू, ख्रिस्ती, पारशी, यहुदी अशा सगळ्यांचे हात या साखळीला लागले आहेत.

मग आज काय अडलं आहे? एमबीबीएसच्या वर्गात आता जवळपास निम्म्या मुली असतात. कायदेही आहेत. निवासी डॉक्टरांना एरवी सलग बारा तासांहून जास्त काम लावू नये, असं केंद्र सरकारनं १९९२ सालीच लिहून ठेवलं आहे. कामाच्या जागी लैंगिक छळाची तक्रार ऐकणारी समिती असलीच पाहिजे, असा २०१३ चा कायदा सांगतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिगटानं २०२४ साली आठवड्याला चौऱ्याहत्तर तासांची मर्यादा आणि एक पूर्ण सुट्टी सुचवली.

आणि तरीही २२ मे २०१९ रोजी मुंबईत शिकणाऱ्या डॉ. पायल तडवीनं आपलं आयुष्य संपवलं. तडवी भिल्ल समाजातली, आदिवासी आणि मुसलमान. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप घरच्यांनी केला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. आपण आधीच विभागाच्या कानावर घातलं होतं, असं घरचे सांगत होते. ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात, लांबलेल्या ड्युटीत सेमिनारच्या खोलीत विसावलेल्या निवासी डॉक्टरवर बलात्कार झाला आणि तिचा खून झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या सातारा जिल्ह्यात, फलटणला, एका तरुण सरकारी डॉक्टर मुलीनं जीव दिला. तिनंही आधी त्रासाबद्दल लेखी कळवलं होतं, अशा बातम्या आल्या. तिन्ही घटना वेगळ्या आहेत, त्यांची एकत्र मोळी बांधणं बरोबर नाही. पण पहिल्या आणि तिसऱ्या घटनेतली एक गोष्ट मला झोपू देत नाही. कुठेतरी काहीतरी सांगितलं गेलं होतं.

नियम असतो, पण तो मोठ्यानं वाचून दाखवणारं कुणी हजर नसतं. एकटीनं वाचला, तर ती भांडखोर ठरते. म्हणून पहिली गोष्ट, मार्गदर्शक हा आपल्या विभागाबाहेरचा असावा. ज्याच्या सहीवर आपली परीक्षा अवलंबून नाही, त्याच्यापुढेच माणूस मोकळं बोलतो. दुसरी गोष्ट, ड्युटीचा तक्ता कागदावर असावा, भिंतीवर लावलेला असावा. तिसरी, निवासी डॉक्टरांच्या संघटनेत, म्हणजे आपल्याकडे मार्डमध्ये, मुलींनी पदाधिकारी म्हणून बसावं. खोलीची कडी, स्वच्छतागृह, बाळंतपणाची रजा हे विषय त्यांनी लावून धरले तरच टिकतात.

हे मी कवितेच्या अनुभवावरून सांगते. मुसलमान घरातली मुलगी मराठीत कविता लिहिते, याचं घरी नवल आणि बाहेर त्याहून जास्त. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी त्यानंतर काही वर्षांनी एका संमेलनाला गेले. तिथे एका वडीलधाऱ्या कवीनं माझ्या कवितेतल्या चार ओळी काढून टाकायला लावल्या आणि पाचवी मंचावर स्वतः वाचून दाखवली. चूक दाखवणारा आणि चारचौघांत आपली बाजू घेणारा माणूस एकच निघाला, तर त्याच्यासारखं भाग्य नाही.

घरच्यांनाही एक विनंती. मुलगी फोन करते तेव्हा ‘सहन कर, तीन वर्षांचाच प्रश्न आहे’ एवढंच म्हणू नका. जेवलीस का, झोपलीस का आणि तुझ्या बाजूनं बोलणारं तिथे कोण आहे, हे विचारा. कुणीच नाही असं उत्तर आलं, तर स्वस्थ बसू नका. मन फारच खचलं असेल, तर सरकारचा टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. डॉक्टरांनीही तो फिरवायला हरकत नाही.

माझ्या भाचीचं काय झालं? त्या रात्री भूलशास्त्र विभागातल्या एका वयस्क डॉक्टरबाईंनी तिला भिंतीला टेकून उभी पाहिलं. त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी तिला दिली, तिच्या वरिष्ठांना स्वतः फोन केला आणि तिला झोपायला पाठवलं. दुसऱ्या दिवशी एक साधी वही आणून दिली. म्हणाल्या, “रोज किती वाजता आलीस, किती वाजता सुटलीस, एवढंच लिही. कुणाविरुद्ध काही लिहू नकोस.” तीन महिन्यांनी पहिल्या वर्षाच्या सगळ्यांनी आपापल्या वह्या एकत्र करून विभागप्रमुखांपुढे ठेवल्या. ड्युट्या सगळ्या सुधारल्या नाहीत, पण आठवड्याची सुट्टी मिळू लागली.

आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. ईदला पाचगणीला आली होती. शीरखुर्मा खाताना तिचा फोन वाजला, तशी वाटी ठेवून ती बाहेर अंगणात गेली. बराच वेळ कुणाला तरी समजावत होती. आत आल्यावर मी विचारलं, “कोण गं?”

“पहिल्या वर्षाची नवी मुलगी आहे,” ती म्हणाली. “तिला वही कुठून लिहायला सुरुवात करायची, ते विचारायचं होतं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)