मॉड्यूलवरचा खोटा आळ : जुन्या पिकअपच्या फोर-बाय-फोरविषयी काही गैरसमज

जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात मृगाचा पाऊस एकदा बसला, की बेळगाव-निपाणी भागातील जुन्या फोर-बाय-फोर पिकअपच्या मालकांच्या तोंडी एकच कैफियत येऊ लागते : डॅशबोर्डावरील खटका ‘फोर-हाय’वर फिरवला असता दिवा कधी लागतो, कधी नुसता लुकलुकतो, आणि कधी पुढची चाके जोर घेतच नाहीत; परंतु दोन दिवस उघडीप मिळाली की तीच गाडी, जणू काही घडलेच नव्हते अशा थाटात, मुकाट्याने काम करू लागते. या कैफियतीवरचा निकालही ठरलेला असतो : ‘मालक, मॉड्यूल गेलंय.’ हा निकाल देण्यास ना मीटर लागतो, ना तपास. आणि तो चुकला तरी देणाऱ्याचे काही जात नाही, कारण नव्या मॉड्यूलची किंमत मालकाच्या खिशातून जाते.

गैरसमज : दोष कधी येतो, कधी जातो, त्या अर्थी ‘कॉम्प्युटर’ बिघडला.

वस्तुस्थिती : टाटा झेनॉन किंवा महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांत जुन्या जीपसारखा दांडा नसून फिरता खटका असतो. खटका फिरला की मॉड्यूलला, म्हणजे या यंत्रणेच्या छोट्या कॉम्प्युटरला, हुकूम मिळतो. मॉड्यूल गाडीचा वेग, आणि ‘फोर-लो’ हवे असल्यास क्लचची स्थिती, पडताळून ट्रान्सफर केसवरील (पुढच्या चाकांकडे जोर वळवणाऱ्या पेटीवरील) छोट्या मोटारीला प्रवाह देते. मोटार आतील यंत्रणा फिरवते. आणि मोटारीलगतचा सेन्सर ‘जागेवर पोहोचलो’ अशी वर्दी परत पाठवतो, तेव्हाच दिवा स्थिर होतो. या संपूर्ण मार्गात मॉड्यूल बहुधा केबिनमध्ये, कोरड्या जागी असते. मोटार, सेन्सर आणि त्यांचे कपलर मात्र गाडीच्या पोटाखाली, खानापूरच्या तांबड्या चिखलात आणि निपाणीच्या काळ्या रेंद्यात न्हात असतात. जो भाग सर्वांत सुरक्षित, त्याच्यावर आळ घ्यायचा आणि जो दहा-पंधरा पावसाळे उघड्यावर सोसत आला, त्याच्याकडे ढुंकूनही पाहायचे नाही, हा न्याय कोणत्या तर्कशास्त्रात बसतो, हे मला आजवर उमगलेले नाही.

ओल, धक्का आणि उष्णता यांच्या तालावर येणारा-जाणारा दोष प्रायः जोडांत असतो. कपलरमधील पिनांवर कथिलाचा पातळ मुलामा असतो. खडबडीत रस्त्यावर त्या पिना एकमेकींवर अतिसूक्ष्म घासत राहतात, मुलामा झिजतो आणि त्या जागी ऑक्साइडचा थर साचतो. फाटलेल्या रबरी सीलमधून शिरलेले पाणी तांब्याच्या बारीक धाग्यांमधून केशाकर्षणाने आवरणाच्या आत पुढे सरकते. वरून अखंड दिसणारी तार सोलली असता आत हिरवी-काळी निघते, ती यामुळेच.

यावर अनुभवी म्हणवणारे मिस्त्रीही एक ‘बिनतोड’ पुरावा पुढे करतात : ‘टेस्ट लॅम्प लावून बघितलंय, करंट फुल येतोय.’ या एका वाक्याने आजवर जितकी निरपराध मॉड्यूले भंगारात गेली असतील, तितकी पावसानेही गेली नसतील. जॉर्ज ओहम याने १८२७ साली मांडलेला नियम येथे लावून पाहावा. समजा, एका गंजलेल्या जोडात केवळ ०.३ ओहम इतका जादा रोध निर्माण झाला आहे. तीन वॉटचा टेस्ट लॅम्प सुमारे पाव अँपिअर प्रवाह घेतो; म्हणजे त्या जोडावर जेमतेम ०.०७५ व्होल्टची घट होते आणि दिवा लख्ख पेटतो. आता त्याच जोडातून मोटारीला दहा अँपिअर हवे असल्यास घट तीन व्होल्टची होते, आणि १२.६ व्होल्टच्या जागी मोटारीच्या वाट्याला ९.६ उरतात. पालापाचोळ्याने तुंबलेल्या पाटातून तांब्याभर पाणी सहज वाहते, परंतु तेवढ्याने उसाचे वावर भिजत नाही. मोटार स्तब्ध असताना लावलेला मल्टीमीटरही याच कारणाने फसवतो, कारण तो तर टेस्ट लॅम्पहूनही नगण्य प्रवाह घेतो.

तेव्हा माप घ्यावयाचे ते मोटार फिरत असताना. प्रथम हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावावेत, कारण ट्रान्सफर केस मधल्याच स्थितीत अडकल्यास गिअरमध्ये ठेवलेली गाडीही उतारावर घरंगळू शकते. मग मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार मॉड्यूलच्या अर्थ-पिनेला, कपलरच्या मागील बाजूने, लावावी व सोबत्याला खटका फिरवण्यास सांगावे. मोटार फिरते तेवढ्या क्षणात आकडा ०.२ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ निर्दोष. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर चॅसीवरील अर्थचा स्क्रू उघडून, रंग व गंज खरवडून, पुन्हा घट्ट बसवावा. येथे एक बारकावा आहे : मोटारीला दोन्ही दिशांना फिरावे लागते, म्हणून तिच्या दोन्ही तारा सामान्यतः मॉड्यूलकडूनच येतात; त्यामुळे ‘मोटारीला नवी अर्थ मारली’ हा उपाय निरर्थकच नव्हे, तर घातकही ठरू शकतो. पुरवठ्याच्या तारेचीही अशीच परीक्षा घ्यावी. त्यानंतर मोटारीजवळील दोन तारांमधला विद्युतदाब आणि मॉड्यूलमधून निघणारा दाब यांची तुलना करावी. जो फरक निघेल, तितका दाब मधल्या वायरिंगने गिळलेला असतो. दोष तेव्हाच प्रकट होत नसेल, तर मीटरकडे लक्ष ठेवून वायरिंग वीतवीतभर हलवत पुढे सरकावे. आकडा जेथे उडी मारतो, तेथे चोर सापडतो.

मॉड्यूल कधीच बिघडत नाही, असे माझे म्हणणे नाही. त्याच्याही सोल्डरिंगला तडे जातात. परंतु त्याला दाब पुरेसा मिळतो, अर्थ शुद्ध आहे, खटक्याचा हुकूम व सेन्सरची वर्दी पोहोचते, आणि तरीही ते मोटारीला प्रवाह देत नाही, एवढे सिद्ध झाल्यावरच त्याच्यावर दोषारोप करावा.

आता काही किरकोळ गैरसमज.

‘फ्यूज शाबूत, म्हणजे वायरिंग शाबूत.’ फ्यूज अतिरिक्त प्रवाहाने वितळतो. गंजलेला जोड तर प्रवाह कमी करतो. आणि मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे फ्यूजऐवजी तार जाळण्याची तजवीज करणे होय.

‘स्कॅनरमध्ये कोड नाही, म्हणजे दोष नाही.’ स्वस्त स्कॅनर इंजिनाच्या उत्सर्जनाशी संबंधित कोड वाचतो. ट्रान्सफर केसच्या मॉड्यूलशी त्याचा संवाद असेलच असे नाही. शिवाय असे कोड साठवणारी यंत्रणा गाडीत सक्तीची करणारा भारत स्टेज ४ हा उत्सर्जन-नियमांचा टप्पा २०१० साली ज्या तेरा शहरांत प्रथम लागू झाला, त्यांत पुणे-सोलापूर होते, बेळगाव नव्हते. देशभर तो २०१७ साली आला. आपल्याकडील अनेक जुन्या पिकअप त्याआधीच्या आहेत.

‘कोड आला, तोच भाग बदला.’ कोड परिपथाकडे बोट दाखवतो. त्यात तार, पिना आणि कपलरही येतात.

‘बॅटरीची तार काढून लावली की बरे होते.’ दोष तसाच राहतो. साठवलेला पुरावा मात्र पुसला जाण्याचा संभव असतो.

‘कपलर पेट्रोलने धुवावेत.’ त्याने रबरी सील फुगते आणि पुढच्या पावसाला दार मोकळे होते. इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा.

‘टू-व्हीलवर परत येत नाही, म्हणजे इलेक्ट्रिकचा दोष.’ मधला डिफरन्शियल नसलेली गाडी फोर-हायमध्ये ठेवून कोरड्या डांबरी रस्त्यावर वळवली, तर पुढील व मागील चाकांच्या फेऱ्यांतील तफावतीने यंत्रणेत पीळ भरतो. थोडे सरळ मागे घेतल्यास तो सुटतो. हा दोष तारेचा नव्हे, चालकाचा.

‘वापरले नाही, तर फोर-बाय-फोर टिकते.’ उलट न फिरणाऱ्या मोटारीचे संपर्क काळवंडतात. म्हणूनच अशा अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत महिन्यातून एकदा फोर-बाय-फोर जोडून थोडे अंतर चालवण्याची सूचना असते. अर्थात मातीच्या किंवा ओल्या रस्त्यावर.

गाडीमालकांना एवढीच विनंती, की मॉड्यूल बदलण्यास रुकार देण्यापूर्वी मोटार फिरत असताना घेतलेले अर्थ आणि पुरवठा यांचे आकडे मिस्त्रीकडून कागदावर लिहून मागावेत. ते देण्यास जो तयार नसेल, त्याच्या हाती गाडी सोपवू नये.