स्तनार्बुदातील किरणोपचार आणि हृदयरक्षण : वैद्याचे कर्तव्य

शिर, हृदय आणि बस्ती या त्रिमर्मांचे महत्त्व चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात विस्ताराने आले आहे, हे वाचकांस सांगणे नलगे. डाव्या स्तनाच्या अर्बुदावर किरणोपचार करताना यांपैकी हृदय हे मर्म किरणांच्या अगदी वाटेवर असते. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

आपल्याकडील रुग्ण या उपचारास 'शेक' म्हणतात. या शब्दाने बराच घोटाळा होतो. हे स्वेदन नव्हे. त्यात उष्णता जाणवत नाही. उच्च ऊर्जेचे क्षकिरण पेशींच्या केंद्रकावर आघात करतात आणि अर्बुदाच्या उरलेल्या पेशी नष्ट होतात. नांदेड-लातूरकडील रुग्णा त्यासाठी मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय किंवा हैदराबाद गाठत आल्या आहेत. २०१२ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाल्यापासून तोही मार्ग खुला झाला. मात्र शस्त्रकर्म होऊन घरी आलेली रुग्णा शेक सुरू होण्यापूर्वी पुष्कळदा आपल्याच चिकित्सालयात येते आणि विचारते, "डॉक्टरसाहेब, शेकानं काळीज खराब होतं म्हणतात, मग घ्यावं का नाही?"

तिची शंका निराधार नाही. हृदयाच्या पुढील भागास रक्त पुरविणारी डावी अग्रधमनी छातीच्या भिंतीलगत असते. किरणांमुळे धमनीच्या अंतःस्तरास इजा होते, शोथ व तंतुमयता येते आणि वर्षानुवर्षांनी मार्ग संकोचतो. स्वीडन व डेन्मार्कमधील २१६८ स्त्रियांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हृदयास मिळालेल्या सरासरी मात्रेच्या दर १ ग्रेमागे गंभीर हृद्धमनीविकाराचा धोका मूळ धोक्याच्या ७.४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. ही वाढ पहिल्या पाच वर्षांतच सुरू होते आणि वीस वर्षांनंतरही टिकते.

परंतु या आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. त्याच अभ्यासाच्या हिशोबाने, हृद्रोगाची अन्य कारणे नसलेल्या ५० वर्षांच्या स्त्रीच्या हृदयास ३ ग्रे मात्रा मिळाली, तर ऐंशीच्या आत हृद्धमनीविकाराने मृत्यू येण्याचा धोका १.९ टक्क्यांवरून २.४ टक्के होतो. उलट, स्तन राखून केलेल्या शस्त्रकर्मानंतर किरणोपचार घेतल्यास दहा वर्षांतील पुनरुद्भव ३५ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर येतो, असे दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात (२०११) दिसले. म्हणून हृदयाच्या भीतीने शेक टाळण्याचा वा अर्ध्यावर सोडण्याचा सल्ला आपल्या तोंडून जाता कामा नये.

हृदय वाचविण्याच्या युक्तींपैकी एक आपल्याला फार जवळची आहे. रुग्णेने दीर्घ श्वास घेऊन रोखला की फुप्फुसे फुगतात, श्वासपटल खाली सरकते आणि हृदय छातीच्या भिंतीपासून दूर होते. नेमक्या त्या सुमारे वीस सेकंदांत किरण सोडतात आणि हाच क्रम काही वेळा करतात. पूरक व अंतःकुंभक यांहून हे फारसे वेगळे नाही! सर्व केंद्रांवर ही सोय असतेच असे नाही; रुग्णेने नियोजनापूर्वी तशी विचारणा अवश्य करावी. असल्यास दोन आठवडे आधीपासून वैद्याने तिच्याकडून सराव करून घ्यावा. बंध, भस्त्रिका यांची येथे गरज नाही. केंद्रातील तंत्रज्ञ छाती फुगवून श्वास घ्यावयास सांगत असेल, तर आपण पोटाने श्वास घ्यावयास शिकवू नये. दररोजचा श्वास नियोजनाच्या वेळच्या श्वासाशी जुळावा लागतो. हात डोक्यावर नेऊन निजावे लागत असल्याने आखडलेल्या खांद्याचा व्यायामही, शल्यचिकित्सकाच्या अनुमतीने, आधीच सुरू करावा.

आता औषधांविषयी. अर्जुन हे आपले मान्यवर हृद्य द्रव्य आहे. औषधालयांत अर्जुनारिष्टाची मागणीही याच समजुतीने होते. तथापि अर्जुनाने किरणांपासून हृदयाचे रक्षण होते, असे रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. शिर व ग्रीवेच्या कर्करोगात किरणोपचारासोबत ई जीवनसत्त्व व बीटा कॅरोटिन दिलेल्या रुग्णांत पुनरुद्भव वाढल्याचे कॅनडातील चाचणीत (२००५) आढळले. यावरून शेक चालू असताना रसायन वा अन्य कल्प कर्करोगतज्ज्ञांस कळविल्याविना देऊ नयेत, हेच उचित. औषधालयचालकांनीही अशा ग्राहकास आधी चालू उपचार विचारावेत.

शेकाच्या जागी अभ्यंग, स्वेदन व जाड लेप वर्ज्य समजावेत. तेलाने त्वचेवरील नियोजनाच्या खुणा पुसल्या जातात, आणि त्या पुसल्या की पुन्हा सगळे मोजमाप.

आपले खरे काम शेक संपल्यावर सुरू होते. रक्तदाब, मधुमेह व मेद यांवर लक्ष ठेवावे. मिश्री सोडवावी, आपल्या भागात तंबाखू म्हटले की पुरुषांकडेच बोट दाखविले जाते, स्त्रियांस कोणी विचारीत नाही. डॉक्सोरुबिसिन किंवा ट्रास्टुझुमॅब घेतलेल्या रुग्णेच्या हृदयाची सोनोग्राफी तज्ज्ञांच्या सल्ल्याने करवून घ्यावी. रुग्णपत्रिकेवर शेकाची बाजू, वर्ष व मात्रा यांची नोंद करून उपचारपत्राची छायाप्रत जोडावी. दहा वर्षांनी तीच रुग्णा श्वास लागतो वा छातीत दुखते म्हणून आली, तर आम्लपित्ताची पुडी देण्याआधी ती नोंद पाहून त्याच दिवशी हृदयाचा आलेख काढवावा.